दहावी ओळ का छापत नाही?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

विषय : मुलांच्या पानावरचा एकांचा मनोरा

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर परत एकदा तो एकांचा मनोरा आलाय. १ गुणिले १ बरोबर १, ११ गुणिले ११ बरोबर १२१, १११ गुणिले १११ बरोबर १२३२१, असं करत करत खाली नवव्या ओळीत १११११११११ गुणिले १११११११११ बरोबर १२३४५६७८९८७६५४३२१, वर मथळा 'गणितातला चमत्कार' आणि शेवटी तीन उद्गारचिन्हं. हाच मनोरा व्हॉट्सअपवर दर थोड्या महिन्यांनी फिरत येतो, कधी गुड मॉर्निंगच्या फुलांवर, कधी 'आपल्या ऋषीमुनींना हे आधीच माहीत होतं' अशी पुरवणी जोडून. मनोऱ्याबद्दल माझी तक्रार नाही, देखणाच आहे तो. तक्रार एवढीच की सगळेजण नवव्या ओळीला थांबतात, आणि का थांबले ते कोणी सांगत नाही. दहावी ओळ छापली तर चमत्कार मोडतो ना, म्हणून. पण माझं म्हणणं असं की खरी मजा दहाव्या ओळीतच आहे, आणि मुलांच्या पानावर तीच लपवायची हे काय बरोबर नाही.

आधी ही संख्या वाचायची कशी ते बघू, कारण घरी पोरांना वाचायला सांगितली तर ती कोटीनंतर गप्प होतात. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी मस्त जोड्याजोड्यांनी बसते, इंग्रजी पद्धतीने तीन-तीनचे गठ्ठे केले की ही गंमत दिसत नाही. एकूण १७ अंक. भास्कराचार्यांनी लीलावतीत (साल ११५०) एक, दश, शत, सहस्र पासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिलीयेत, त्यात शेवटून दुसरं 'मध्य', आणि आपल्या संख्येचा सगळ्यात डावीकडचा १ बसतो तो बरोबर त्या मध्याच्या घरात, म्हणजे परार्धाला एकच घर कमी. पैशात सांगायचं तर १२,३४५ लाख कोटींच्या वर. केंद्र सरकारचं २०२५-२६ चं बजेट ५० लाख कोटींच्या थोडं वर होतं, तशी २४० बजेटं यात मावतील आणि वर चिल्लर उरेल.

आता हा मनोरा बनतो कसा. कागद घ्या आणि शाळेत करायचो तसा उभा गुणाकार मांडा. नऊ एकांना एकाने गुणलं की परत नऊ एकच येतात, फक्त प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते, अशा नऊ ओळी एकाखाली एक. मग बेरीज करताना उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच १ आहे, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, बरोबर मधल्या रकान्यात नऊ, आणि तिथून पुढे परत आठ, सात, सहा असे कमी कमी होत जातात. बस्स. म्हणजे उत्तरातला प्रत्येक अंक हा त्या रकान्यात किती एक आहेत त्याची मोजणी आहे. हे सहावीतल्या मुलाला पाच मिनिटात दाखवता येतं आणि दाखवलं की त्याचा चेहरा 'चमत्कार' वाचून होतो त्यापेक्षा जास्त खुलतो, हे मी बघितलेलं आहे.

आणि हे एकदा कळलं की लगेच कळतं की दहाव्या ओळीत गडबड होणार. मधल्या रकान्यात दहा एक येणार, दहा काय एका घरात मावत नाहीत, शून्य लिहायचा आणि हातचा एक. तो हातचा शेजारच्या रकान्यात जातो, तिथे नऊ बसलेलेच आहेत, नऊ आणि एक दहा, परत शून्य आणि परत हातचा एक. तो जातो आठाकडे, आठाचे होतात नऊ, आणि तिथे हातचा संपतो. म्हणून दहा एकांचा वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. नीट बघा, डावीकडून वाचताना एक ते सात बरोबर, मग आठ गायब, एकदम नऊ, मग दोन शून्यं, आणि पुढे नऊपासून एकपर्यंत छान उतार. डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे सारखी वाचता येत होती ती गंमत गेली. म्हणून कोणी छापत नाही.

पण तो गायब झालेला आठ आपल्याला आधीही भेटलेला आहे. १२३४५६७९ ही संख्या जुन्या लोकांना माहीत असेल, आठ नसलेली. हिला ९ ने गुणा, १११११११११ येतात. १८ ने गुणा, २२२२२२२२२. कोणाला सात आवडत असेल तर ६३ ने गुणा, ७७७७७७७७७. लहानपणी काका-मामा लोक ही जादू करून दाखवायचे आणि आठ का नाही विचारलं तर म्हणायचे 'आठाला शाप आहे'. शाप वगैरे काही नाही हो, तोच हातचा. १ ला ८१ ने भागा, उत्तर येतं ०.०१२३४५६७९०१२३४५६७९ असं न संपणारं, आणि ते खरंतर ०, १, २, ३, ४ असे सगळे आकडे ओळीने एकेका घरात ठेवत गेल्यावर होणारी बेरीज आहे. नवापर्यंत सगळे गुण्यागोविंदाने बसतात, मग दहा येतो, त्याचा हातचा नवाला ढकलतो, नवाचा आठाला ढकलतो, आणि आठाचा नऊ होऊन बसतो. म्हणजे मनोऱ्याची दहावी ओळ मोडते आणि १२३४५६७९ मधे आठ नसतो, या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच, एकच आहे. ही एवढी एक जोडणी जरी मुलांच्या पानावर दिली असती ना साहेब, तरी मी पत्र लिहायला बसलो नसतो.

शिवाय या दोघांचं सरळ नातंही आहे. १२३४५६७९ ला ९९९९९९९९९ ने गुणा, कॅल्क्युलेटर नको, १२३४५६७९ च्या पुढे नऊ शून्यं लावा आणि त्यातून १२३४५६७९ वजा करा. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१. वजाबाकी स्वतः कागदावर करून बघा, आठ कुठून परत येतो ते डोळ्यासमोर दिसतं.

कॅल्क्युलेटर नको म्हटलं त्याला कारण आहे. हल्ली शाळेत प्रोजेक्टला मुलं एक्सेल वापरतात. एक्सेलमधे नऊ एकांचा वर्ग करायला सांगा, आधी 'ई' वाला काहीतरी फॉर्म दाखवतं, मग सेल रुंद करून नंबर फॉरमॅट केलं की येतं १२३४५६७८९८७६५४३००. शेवटचं ३२१ च्या जागी ३००! एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच खात्रीने दाखवतं, पुढे सरळ शून्यं भरतं, आणि आपली संख्या सतरा अंकी. ब्राउजरच्या जावास्क्रिप्टमधे (वेबपानं चालवणारी प्रोग्रामिंगची भाषा) तीच संख्या टाका, तिथे शेवट ३२१ च्या ऐवजी ३२० येतो. कारण तिथे साध्या संख्यांची मर्यादा २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, त्याच्या वर गेलं की प्रत्येक पूर्ण संख्येला जागा नाही, आधी सगळ्या विषम संख्या गळतात, आणि आपली ही विषम. म्हणजे ज्या फॉरवर्डमधे शेवटी ३०० किंवा ३२० दिसेल ते कागदावर न करता कॉम्प्युटरवरून उचललेलं आहे असं खुशाल समजावं. लोक म्हणतात आता गणित कशाला, मशीन आहे की. हे घ्या मशीन.

आता मुद्द्याचं. या संख्येला नाव आहे, आणि ते नाव आपल्या इथलं आहे, हे त्या बॉक्समधे एका शब्दाने आलं नाही याचं मला जास्त वाईट वाटलं. ही डेमलो संख्या. नाव देणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १७ जानेवारी १९०५ डहाणूचा, शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्यात फर्ग्युसन, १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळवलेलं, आणि पुढे १९३० ते १९६२ नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात नोकरी नाही. डेमलो हे तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवरचं (आताची मध्य रेल्वे) मुंबईपासून तीस मैलांवरचं स्टेशन, म्हणजे आताचं आमचं डोंबिवली, तिथे या संख्यांचा विचार त्यांच्या डोक्यात आला म्हणून त्यांनी नावच ते देऊन टाकलं. रोज लाखो लोक त्या स्टेशनवरून लोकल पकडतात, धक्के खातात, आणि आपल्या स्टेशनच्या नावाने जगभरच्या गणिताच्या पुस्तकात संख्या आहेत हे यातल्या किती जणांना माहीत असेल. एखादा छोटा बोर्ड तरी लावा प्लॅटफॉर्मवर असं मला फार वाटतं, पण तो अर्ज रेल्वेकडे करायचा, तुमच्याकडे नाही.

डेमलो संख्या म्हणजे काय तर तिचे तीन भाग पाडायचे, डावा, मधला, उजवा. डाव्या आणि उजव्याची बेरीज केली की एकच अंक परत परत आला पाहिजे, आणि मधल्या भागातही तोच अंक पाहिजे. जसं १६५, एक आणि पाच सहा, मधे सहा. २५५३, दोन आणि तीन पाच, मधे दोन पाच. १४९९९८५ मधे १४ आणि ८५ ची बेरीज ९९, मधे तीन नऊ. आता आपली संख्या घ्या, १२३४५६७८ डावीकडे, ८७६५४३२१ उजवीकडे, मधे एकटा ९. बेरीज करा, ९९९९९९९९. आठच्या आठ नऊ. मनोऱ्यातल्या या अशा संख्यांना तर 'वंडरफुल डेमलो' असं खास नाव आहे.

लोकांना कापरेकर माहीत असतात ते ६१७४ मुळे. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत, त्यांच्या सगळ्यात मोठ्या मांडणीतून सगळ्यात छोटी मांडणी वजा करा, आलेल्या उत्तराचं परत तसंच करत राहा, जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ वर येऊन अडकता. ते त्यांनी १९४९ साली मद्रासच्या परिषदेत सांगितलं आणि जगाला कळलं मार्च १९७५ मधे, गणिताच्या गमतीजमतींवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने सायंटिफिक अमेरिकन मासिकात लिहिलं तेव्हा, मधे पाव शतक गेलं. त्यांच्या हयातीत इथले बरेच जाणकार याला पोरखेळच समजायचे. असेल पोरखेळ, पण जो पोरखेळ पोरांना गणिताकडे ओढतो तो नको कशाला? मला तरी त्यांचं 'गणितानंद' हे नाव बरोबर वाटतं.

त्यांच्या बाकीच्या चाळण्या आपल्या संख्येला लावून बघू. हर्षद संख्या, म्हणजे जी स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भागली जाते. एक ते नऊ आणि परत एकपर्यंत, बेरीज होते ८१, आणि १२३४५६७८९८७६५४३२१ ला ८१ ने भागलं की येतात १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. पास. आणि हा भागाकार कोणाचा वर्ग आहे माहितीये, त्याच बिनआठाच्या १२३४५६७९ चा. मग स्वयंभू संख्या, म्हणजे जी दुसऱ्या कुठल्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून तयार होत नाही. इथे मात्र नापास, कारण १२३४५६७८९८७६५४२४० घेतली, अंकांची बेरीज ८१, ती मिळवली की थेट आपली संख्या. विभाजक किती? नऊ एकांचे अवयव पडतात ३ गुणिले ३ गुणिले ३७ गुणिले ३३३६६७, तर वर्गात प्रत्येकाचा घात दुप्पट, मोजले तर विभाजक भरतात ४५. आणि ४५ म्हणजे परत कापरेकरच! २०२५ साल लागलं तेव्हा ४५ चा वर्ग २०२५ आणि २० अधिक २५ बरोबर ४५ हे फॉरवर्ड सगळ्यांनी एकमेकांना पाठवलं असेल, त्यालाच कापरेकर संख्या म्हणतात, वर्ग करा, दोन तुकडे करा, बेरीज करा, परत तीच संख्या मिळाली पाहिजे. २९७ पण तशीच, वर्ग ८८२०९, ८८ अधिक २०९ बरोबर २९७.

तर आता नऊ एकांचं तसं होतं का बघू. १२३४५६७८९८७६५४३२१ चे दोन तुकडे, उजवीकडचे नऊ अंक ९८७६५४३२१, डावीकडचे उरलेले १२३४५६७८. बेरीज ९९९९९९९९९. सुंदर आहे, पण नऊ एक परत आले नाहीत, नऊ नऊ आले. म्हणजे नववी ओळ, जी सगळे कौतुकाने छापतात, ती या परीक्षेत नापास.

आणि दहावी, मोडकी, कुरूप, जिला कोणी छापत नाही? १२३४५६७९००९८७६५४३२१. उजवीकडचे दहा अंक ०९८७६५४३२१, डावीकडे १२३४५६७९०. करा बेरीज. ११११११११११. दहाच्या दहा एक परत!

मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी रात्री घरच्यांना उठवून दाखवलं होतं, त्यांचा प्रतिसाद इथे लिहिण्यासारखा नाही. पण यातही जादू नाहीये, कारण दोन ओळींचं आहे आणि मुलांना झेपेल असं आहे. अंकांची बेरीज करून नवाची बाकी काढतो ना आपण, तसंच दहा-दहा अंकांचे तुकडे पाडून बेरीज करणं म्हणजे दहा नवांच्या संख्येने भागून बाकी काढणं. दहा एकांची बेरीज दहा, दहाला नवाने भागलं की बाकी एक, म्हणजे ही संख्या नवाची काहीतरी पट अधिक एक आहे. मग वर्ग म्हणजे ती स्वतः गुणिले (नवाची पट अधिक एक), त्यातला नवाच्या पटीचा भाग दहा नवांमधे पूर्ण जातो आणि उरते फक्त ती स्वतः. नऊ एकांच्या वेळी बाकी शून्य होती, म्हणून स्वतः काही उरली नाही, सगळे नऊच झाले. यावरून पुढचं पण सांगता येतं, नवाने भागून बाकी एक उरेल अशी पुढची ओळ एकोणिसावी, तिथे परत जमणार, मग अठ्ठाविसावी. आणि ते एकोणीस एक आहेत ना, ती संख्या तर मूळ संख्या आहे, एक आणि स्वतः सोडून कोणीच भाग जात नाही. मूळ पण आणि कापरेकर पण. मनोरा नवव्या ओळीला कापून टाकला की यातलं काही काही दिसत नाही.

म्हणून साहेब विनंती एवढीच आहे, की पुढच्या वेळी हा मनोरा छापाल (छापालच, मला खात्री आहे) तेव्हा दहावी ओळ छापा, मथळ्यातला चमत्कार काढा, कोपऱ्यात कापरेकरांचं आणि देवळालीचं नाव घाला, आणि अकराव्या ओळीच्या जागी रिकामी चौकट ठेवून मुलांना म्हणावं, हातचा सांभाळून तुम्ही भरा. अकरावीचं उत्तर मी मुद्दाम इथे देत नाहीये. फक्त पान लावणाऱ्यांना सांगून ठेवा की चौकट जरा रुंद काढा, २१ अंक मावायला पाहिजेत, आणि उत्तर एक्सेलमधून कॉपी करू नका.

आपला नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)